देवीचं नाव विचारायला आलेला पाहुणा

गोवा मुक्त झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या धामापूरच्या घरी एक पत्र आलं. यजमान मुंबईला नोकरीत, घरात सासू-सासरे आणि मी. वाचता येणारी मी एकटीच. सासऱ्यांच्या आजोबांचा धाकटा भाऊ तरुणपणी जहाजात बसून मॉरिशसला उसाच्या मळ्यात राबायला गेला होता, तो परतलाच नव्हता. त्याचा नातू आता मुंबईपर्यंत आला होता. शेवटची ओळ होती, 'मला आपली जमीन बघायची आहे.'

सासऱ्यांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "जमीन बघूक येता म्हणजे वाटो मागूक येता."

खाली भाताचे चार कुणगे, म्हणजे छोटी शेतं, आणि वर काजू लावलेली भरड जमीन, एवढंच आमचं. पुढचे आठ दिवस सासरे जुने कागद माझ्याकडून वाचून घेत बसले. सासूबाईंनी मला बजावलं, "जेवाण बरा घाल, पण जास्ती बोलू नको."

पाहुणे साठीचे होते, सडपातळ. मराठी बोलत, पण अडखळत, मध्येच हिंदी शब्द घालून. सासऱ्यांनी त्यांना ओटीवर बसवलं, आत बोलावलं नाही. पाहुणे मात्र आपणहून सांगत राहिले. ते बेट ज्वालामुखीचं. कुदळ मारावी तिथे काळा दगड. त्यांच्या आजोबांनी आणि बरोबरच्या माणसांनी ते दगड डोक्यावरून वाहिले, शेतातच त्यांचे घराएवढे ढीग रचले, तेव्हा कुठे ऊस लावण्यापुरती माती मोकळी झाली. राहायला गवताने शाकारलेल्या खोल्यांची रांग. पहाटे घंटा व्हायची, ताप असला तरी हजेरीला उभं राहावं लागायचं.

मी दाराआडून ऐकत होते. शेवटी सासऱ्यांना राहवलं नाही, काय हवंय ते त्यांनी सरळच विचारलं.

"तुमका हयसून काय होया?"

पाहुणे जरा संकोचले. "आम्ही तिकडे दरवर्षी देवाला गाऱ्हाणं घालतो. आजोबा गावच्या देवाचं नाव घ्यायचे. ते अकाली गेले, वडील तेव्हा लहान होते. गावाचं नाव मला तिकडच्या जुन्या कागदांत सापडलं, देवाचं कुठे नाही. आम्ही 'हे आमच्या गावच्या' एवढं म्हणतो आणि थांबतो. मग हात जोडतो."

"भगवती," सासरे हळूच म्हणाले. "आमची देवी भगवती." आणि मग, "इतक्यासाठीच इलास?"

"होय. आणि ही माती बघायला."

सासरे उठले, त्यांनी पाहुण्यांचा हात धरला. "हय कित्याक बसलास? आत चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे देवळात गेलो. गाऱ्हाणं सासऱ्यांनीच घातलं. समुद्रापलीकडे गेलेल्या आजोबांच्या त्या भावाचाही त्यांनी त्यात उल्लेख केला. त्यांच्या प्रत्येक वाक्याला आम्ही "होय महाराजा" म्हणालो. पाहुण्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

परतताना सासरे म्हणाले, "खरा सांगतंय, माका वाटला वाटो मागूक इलास."

पाहुणे हसले. "इकडे येऊन भात कोण लावणार? आमचेच दगड अजून संपले नाहीत."

सासरेही हसले. पत्र आल्यापासून पहिल्यांदाच.

पाहुणे लगेच निघणार होते, पण सासऱ्यांनी त्यांना पाच दिवस सोडलं नाही. एका सकाळी त्यांना भरडीवर नेऊन आपल्या जमिनीची हद्द कुठून कुठवर, ते कोपरान् कोपरा दाखवलं. घरी आले तेव्हा दोघांच्या धोतरांना तांबडी माती लागलेली होती. सासूबाई मला म्हणाल्या, "आता तुका जा इचारूचा आसात, ता इचार." मी दुपारभर पाहुण्यांना विचारत बसले.