पाचवं बोचकं

आमच्या मामंजींनी बांधलेली गाठ कुणाच्या बापाला सुटत नसे, आणि त्यांना स्वतःला मात्र ती दोन बोटांनी सुटत असे. माझे सासरे पोलाद कारखान्याच्या प्लेट मिलमध्ये खलासी होते. प्लांटात खलासी म्हणजे दोर-साखळ्या बांधून माल क्रेनच्या हुकाला लावणारा माणूस. उभा जन्म त्यांनी लोखंडाच्या प्लेटी बांधल्या, एकही निसटली नाही. रिटायर झाल्यावर घरात प्लेटी नव्हत्या, म्हणून ते बाकी सगळं बांधत सुटले. गाद्या, कूलर, पापडाचे डबे. एकदा माझी गव्हाची कोठी बांधून ते नंदिनी नगरला लग्नाला गेले. दोन दिवस आम्ही भातच खाल्ला.

"बांधता तं सगळ्यायलेच येते, सुनबाई," ते म्हणायचे. "टायमावर सुटली पाह्यजे. बारकी शेंडी ओढली का झालं." शेंडी म्हणजे गाठीबाहेर ठेवलेलं दोराचं टोक. मी "हो मामंजी" म्हणायची आणि कढईत पाहायची.

छत्तीसगड नुकतंच वेगळं झालं होतं, त्या सुमारास ह्यांना एलटीसी, म्हणजे कंपनीच्या खर्चानं सहकुटुंब प्रवास, मिळाली आणि अंदमान ठरलं. दुर्गहून रेल्वेनं विशाखापट्टणम, तिथून जहाजानं तीन दिवस. आम्ही दोघं, दोन मुली आणि मामंजी, अशा पाच जागा. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते, अक्कल मात्र बावीसची. जहाजावर फोटो काढायचे म्हणून पावर हाउस भागातल्या बाजारातून मी काळा गॉगल आणला होता. मामंजींनी त्याच बाजारातून दोर आणला.

महिनाभर आधी त्यांनी बांधाबांध काढली. माणसं पाच, बोचकी पाच. प्लेटीवर टाकतात तसा प्रत्येकावर पांढऱ्या पेंटनं नंबर. "जड ते बुडाले, लागन ते वरतं," हा त्यांचा कायदा. मी वर ठेवलेला साड्यांचा गठ्ठा रोज तळाशी जायचा आणि तिथं जवसाची चटणी, तिखट पुऱ्या येऊन बसायच्या. पाचवं बोचकं त्यांचं स्वतःचं, सगळ्यात लहान. दोन धोतरं, एक स्वेटर, सुंठेची डबी. समुद्रावर पोट ढवळतं, हे मिलमधल्या एका तेलुगू सोबत्यानं त्यांना सांगितलं होतं.

"आमच्या प्लेटीयची जहाजं बनतात म्हणते," ते एकदा बोचकं आवळता आवळता म्हणाले. "येवढं लोखंड पाण्यावर राह्यते कसं? तेवढं पाह्यचं हाय मले. मंग काही पाह्यचं नाही राह्यलं."

जे उचलून चालवत नाही ते न्यायचं नाही, हा दुसरा कायदा. त्यासाठी एका संध्याकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना आपापलं बोचकं घेऊन पाण्याच्या टाकीपर्यंत चालायला लावलं. पुढे मामंजी, क्रेनवाल्याला हाक मारायची त्या आवाजात "हळू, हळू, येऊ द्या!" ओरडत. मागे मी, डोक्यावर बोचकं आणि डोळ्यांवर गॉगल. समोरच्या क्वार्टरची मिश्राइन फाटकात उभी. "क्यों भाभी, क्वार्टर खाली कर रहे हो क्या?" अख्खी गल्ली हसली. मामंजीही हसले. मी नाही हसले. जहाजावर, परक्या माणसांत हा म्हातारा असंच ओरडणार, रेलिंगला धोतर वाळत घालणार, हे मला तिथल्या तिथे दिसलं. गॉगल घालूनसुद्धा दिसलं.

रात्री मी ह्यांच्या मागे लागले. बाबांना दमा, समुद्र मानवणार नाही, घर बंद राहिलं तर चोऱ्या होतात. त्यांच्या जागी शीलाला, माझ्या बहिणीला, नेऊ. हे म्हणाले, "मले नाही जमत. तूच सांग."

मी सांगितलं. मामंजी तेव्हा पाचव्या बोचक्याला गाठ मारत होते. त्यांचे हात थांबले.

"कोण म्हणून राह्यलं असं?"

"हेच म्हणत होते," मी म्हणाले. खोटं, आणि तेही नवऱ्याच्या नावावर.

"बरं हाय. घराले कोणी पाह्यजेच." त्यांनी बारकी शेंडी ओढली, बोचकं क्षणात उघडं झालं. धोतरं त्यांनी खुंटीवर टाकली. सुंठेची डबी मात्र एक नंबराच्या बोचक्यात ठेवली, अगदी वर, आणि ते परत बांधलं. मग म्हणाले, "इकडे ये बाई, एकदा सोडून पाह्य. तिकडे मी नाही." त्यांच्याकडे पाहावं लागू नये म्हणून मी म्हणाले, "येतं मला."

जहाज बंदरातून निघालं आणि तासाभरात शीलासकट आम्ही पाचही जण ओकायला लागलो. एक नंबर सुटेना. कुठली बारकी शेंडी, कुठली मोठी! माझी दोन नखं मोडली. शेवटी ह्यांनी कॅन्टीनमधून सुरी आणून दोर कापला. उघडताच हाताशी सुंठेची डबी. पुढे बाकीची तिन्ही बोचकीही तशीच कापली.

परत आलो तर मामंजी व्हरांड्यात बसले होते. कापलेल्या टोकांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"कापले?"

"गाठ सुटेना, मामंजी."

"सुटते वो बाई ते." रागावले नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, "मंग? लोखंड पाण्यावर राह्यते कसं?"

दोन रोल भरून फोटो काढले होते मी. जहाजाचं लोखंड एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

"राहतं, मामंजी," मी म्हणाले. ते आणखी काहीतरी ऐकायला थांबले होते. मी चहा टाकायला आत गेले.

पुढची एलटीसी चार वर्षांनी. "बाबा, तेव्हा नक्की," असं ह्यांनी सांगितलं होतं. मामंजी तिसऱ्या उन्हाळ्यात गेले. नाही म्हणणारा आपला मुलगाच, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं का, कोण जाणे. मी काही ते दुरुस्त केलं नाही.

तेरवीनंतर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. आत पाचवं बोचकं, पुन्हा बांधलेलं. आम्ही कापलेलाच दोर, तुकडे जोडून घेतलेला. मी बारकी शेंडी शोधली आणि ओढली. एका झटक्यात सुटलं. दोन धोतरं, स्वेटर आणि वरती, अगदी हाताशी, सुंठेची नवी डबी.

बाहेर पाहुणे जेवत होते. मी दार लावून तीच गाठ परत बांधून पाहत बसले. आली नाही. आता मी सहासष्ट वर्षांची आहे. अजून आलेली नाही.