ओपा हेन्कची छावणीतली ड्युटी

दर रविवारी वृद्धाश्रमात गप्पा मारायला गेलं की किस्से आपोआप साठतात. ऑफिसात आठवडाभर मीटिंगा करूनही घरी सांगण्यासारखं एक वाक्य हाती लागत नाही, आणि इथे कापेल गावच्या या आश्रमात चहा निवायच्या आत कोणीतरी काळजाला हात घालतं. माझे बहुतेक किस्से ओपा हेन्क यांचे. ओपा म्हणजे डच भाषेत आजोबा. वय शंभरीला टेकलेलं. महायुद्धाच्या शेवटी ते सैन्याच्या वैद्यकीय तुकडीत होते, आणि नुकत्याच सुटलेल्या एका छळछावणीत त्यांची ड्युटी लागली होती.

*

छावणीत नाझी सुई टोचूनही माणसं मारायचे; इंजेक्शन म्हणजे मरण, हे तिथल्या लोकांना पक्कं ठाऊक. सुई दिसली की माणसं खाटेखाली शिरायची. म्हणून तुकडीचे डॉक्टर प्रत्येक बराकीत आधी ओपांना टोचायचे, नुसतं मिठाचं पाणी. ओपांनी सगळ्यांसमोर उभं राहून हसायचं.

"हसू यायचं?" मी विचारलं.

"डॉक्टरचा हात फार जड होता," ओपा म्हणाले.

*

माझी आई पुण्याहून आली तेव्हा शिरा घेऊन माझ्याबरोबर वृद्धाश्रमात आली. ओपांची वाटी रिकामी दिसताच तिने न विचारता आणखी वाढला. आपल्याकडचा आग्रहच तो! ओपांनी तिचा हात घट्ट धरला.

मग कळलं. छावणी सुटली त्या पहिल्या दिवशी सैनिकांनी दया येऊन आपले मांसाचे डबे वाटले होते. ओपांनीही वाटले. उपासमारीने वाळलेल्या पोटांना ते झेपलं नाही. सकाळी प्रेतं उचलायला स्ट्रेचर पुरले नाहीत. त्यानंतर ओपांचं काम एकच: पातळ दूध चमच्याने पाजायचं, आणि कोणी पाया पडलं तरी जास्त द्यायचं नाही.

परतताना आई बसमध्ये रडली. "मी काय केलं गं हे," एवढंच म्हणत होती.

*

मागच्या हिवाळ्यात मिरियम आजी राहायला आल्या. नेमक्या त्याच छावणीतल्या. सुटका झाली तेव्हा लहान मुलगी होत्या. त्यांची आई सुटकेच्या दिवशी सैनिकाने दिलेला डबा खाऊन गेली, हे कळल्यापासून ओपांनी जेवण सोडलं. नर्सने समजावलं, मी समजावलं. या वयात शरीर किती दिवस तग धरणार? मला खरंच भीती वाटत होती.

शेवटी ओपा स्वतःच त्यांच्या टेबलापाशी गेले. "तो डबा माझाही असेल," ते म्हणाले.

मिरियम आजींनी सूपचा एक बाऊल त्यांच्यापुढे सरकवला.

"माझी आई भरल्या पोटी गेली," त्या म्हणाल्या. "आमच्या बराकीत दुसऱ्या कोणाच्याच आईला ते मिळालं नाही."

मग त्या आपलं सूप प्यायला लागल्या. थोड्या वेळाने ओपाही.