उकळलेली पुडी

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही — नवऱ्यापाशीही नाही. आता तुमच्यापाशी का बोलतेय? मलाच कळत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी डोंगरकड्याच्या दवाखान्यात नर्स होते. नवी, आणि तोंडाची फटकळ. विहिरीचा तळ खरवडून लोक गढूळ पाणी प्यायचे, हगवणीनं लेकरं सुकून जायची. येईल त्या बाईला मी दटावायची — जे पाजशील ते उकळून पाज. दिवसभर तेच.

त्यात डॉक्टरांनी नव्या पुड्या आणल्या. आत जिवंत जंतू होते, पण चांगले — विरजणासारखे, पोटात वाढून वाईट जंतूंना हटवणारे. गार पाण्यात कालवूनच द्यायच्या, असं त्यांनी मला बजावलं होतं. तांड्यावरची कमळा लेकरू घेऊन आली. मी पुड्या दिल्या आणि — तोंडात बसलेलं तेच निघून गेलं. उकळून दे.

विरजण कुणी उकळतं का? ती पायऱ्या उतरत असतानाच माझ्या ध्यानात आलं. हाक मारायची होती. पण एवढ्या बायकांसमोर स्वतःची चूक — जाऊ दे म्हटलं.

लेकरू गेलं. पुडीनं वाचलं असतं? ठाऊक नाही, फार सुकलं होतं ते. पण डॉक्टरांनी सासूसमोर कमळाला विचारलं, पुडी कशी दिलीस. ती म्हणाली, "बाईनं सांगितली तशी. उकळून." डॉक्टर माझ्याकडे वळले. आणि मी म्हणाले — "मी काहून असं सांगू?"

सासूनं तिथंच कपाळ बडवून घेतलं. तांड्यावर कमळाला 'औषध जाळणारी' म्हणू लागले. बायका आपलं आजारी लेकरू तिच्या हाती देईनात. हे सगळं माझ्या कानावर यायचं — आणि मी? मी ऐकून घ्यायची.

काही वर्षांनी जवळा बाजारला आठवडी बाजारात ती भेटली. मी नजर चुकवली, तिनं नाही. "तुमी बराबरच सांगितलं असंल, बाई," ती म्हणाली. "मीच येडी. माझ्याच हातानं गेलं लेकरू." आणि माझ्या पिशवीत ओंजळभर शेंगा टाकल्या.

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी शेंगा घेऊन घरी आले.

कमळा आता नाही. तिनं मी सांगितलं तसंच केलं होतं.