निसटलेल्या सतरा नोंदी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही – आणि तिला मी भाजीवाल्यानं वरून टाकलेल्या कोथिंबिरीचासुद्धा हिशेब देतो. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. बसा जरा.

आधी काम सांगतो, कारण परभणीत आमच्या गल्लीत ते अजून कुणाला कळलेलं नाही. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी घरी बसून माहितीपुस्तिका लिहितो. संगणक चालू असताना त्याच्या पोटात काय चाललंय – कुठला प्रोग्रॅम कुठली फाईल उघडतोय, कोण कुणाला ताटकळत ठेवतोय – ते टिपणारं एक टूल आहे. ट्रेसर म्हणतात त्याला. टूल बदललं की पुस्तिकेची पानं बदलायची, हे माझं काम. शेजारणी विचारतात तेव्हा बायको सांगते, "कॉम्प्युटरचं पुस्तक लिहितेत. कुणी वाचत न्हाई, पण पगार येतोय."

कुणी वाचत नाही – या वाक्याच्या आडोशाला मी बराच काळ बसलो होतो.

या कामाचा एक नियम आहे. पानावर नमुना द्यायचा तो टूल स्वतः चालवून, आलेलं उत्तर जसंच्या तसं चिकटवून. हात लावायचा नाही. नियम कडक आहे – असणारच, मीच लिहिलाय. ठळक अक्षरांत.

आता माझा स्वभाव. गिरणीतून दळण आलं की मी पीठ तोलतो. गिरणीवाल्याशी मूठभर पिठावरून एकदा माझं असं वाजलं, की तेव्हापासून दळण घेऊन बायकोच जाते. "थोडं पीठ गिरणीत राहतंच की वो," ती म्हणते. राहतं, मान्य. पण का राहावं?

तर – टूलची नवी आवृत्ती आली. मी नमुना चालवला. झकास चालला. आणि शेवटी एक ओळ: निसटलेल्या नोंदी, सतरा. ही बिघाडाची खूण नव्हे. गर्दी झाली की ट्रेसरच्या हातून थोड्या नोंदी सुटतातच, आणि तो बिचारा प्रामाणिकपणे तसं सांगतो. पुन्हा चालवलं, पुन्हा निसटल्याच. घडलेलं इतकं आणि टिपलेलं त्याहून कमी – असं पान जगापुढे ठेवायचं? माझं पान?

मी – सांगूनच टाकतो – त्या सतरा नोंदी टिपलेल्यांत मिळवल्या आणि खाली शून्य लिहिलं. बेरीज जुळली. मग नेहमीची ओळ टाकली, 'प्रत्यक्ष चालवून तपासले', आणि चहा प्यायलो. चहा छान लागला, तेही लपवत नाही.

इथपर्यंत हसून सोडता आलं असतं. पण –

आमच्या कंपनीत वैशाली आहे, सेलूची. तेव्हा नवी होती, कायम झाली नव्हती. सगळ्या पुणेकरांत आम्ही दोघंच आपल्याकडचे, म्हणून मला काका म्हणते. एका गिऱ्हाइकाचे संगणक संथ का झालेत ते तिला याच टूलनं शोधायचं होतं. तिचा फोन आला.

"काका, माझं काय चुकायलंय वो? तुमच्या पानावर निसटलेल्या शून्य हायेत. माझ्या तर रोज निसटायलेत. पान बरोबर हाय ना?"

काय अवघड होतं? 'अगं, ते शून्य माझ्या हातचं आहे' – एवढंच म्हणायचं. पण सगळी कंपनी ज्याला काटेकोर म्हणते, त्यानं ते कोणत्या तोंडानं म्हणावं? मी म्हणालो, "पान तपासलेलं आहे. तुझी मशीन बघ."

"मंग माझंच कायतरी," ती म्हणाली. वादसुद्धा घातला नाही.

तिनं मशीन बदलून घेतली, सगळं पहिल्यापासून बसवलं. खरं तर दोषी प्रोग्रॅम तिला आधीच अचूक सापडला होता. तरी ऑनलाइन मीटिंगमध्ये 'माझं मोजमाप चुकलंय' असं साहेबांना सांगून तिनं तो निकाल मागे घेतला. तिचं कायम होणं लांबलं. त्या मीटिंगमध्ये मीही होतो. माझा माइक बंद होता. बिघडलेला नव्हता – मी बंद केला होता.

पुढची आवृत्ती आली तेव्हा मी गुपचूप खरा नमुना चिकटवला, निसटलेल्या नोंदींसकट. दुसऱ्याच दिवशी वैशालीचा फोन.

"काका, तुमची बी मशीन बिघडली का वो? तुमच्या बी निसटायलेत आता!"

"हो," मी म्हणालो. "बघतो."

"होतंय काका. लय मनावर घेऊ नका."

तिनं माझी समजूत काढली. मी काढून घेतली.

उशिरा का होईना, ती कायम झाली. आता नवीन आलेल्यांना तीच शिकवते. परवा मीटिंगमध्ये सांगत होती, "आकडे जुळले नाहीत तर आधी काकांचं पान उघडा. काका तपासल्याशिवाय अक्षर लिहीत नाहीत." पडद्यावर सगळे माझ्याच चौकटीकडे पाहत असणार. मी मान डोलावली.

पान बदललं की कारण लिहावं लागतं, आणि ते कुणालाही उघडून वाचता येतं. त्या शून्याच्या दुरुस्तीपुढे मी लिहिलंय, 'मांडणीत किरकोळ सुधारणा'. मांडणी मी तसूभरही हलवली नव्हती. ती पहिल्यापासून निर्दोष होती. ती मात्र मी तपासली होती.