तिघींना न जाणारा लाख

लाख हा आकडा दिसतो तेवढा सोज्वळ नाही, हे मी आता छातीठोकपणे सांगते. एकापुढे पाच शून्यं घेऊन बसलाय, पण तीन बायकांत सरळ वाटला जाईल तर शपथ!

झालं असं. सिंगापुरात वुडलँड्सच्या आमच्या ब्लॉकमध्ये आम्ही तिघी मराठी म्हाताऱ्या. एकीचा मुलगा जहाजावर इंजिनिअर. तो पुन्हा जहाजावर चढायच्या आत तिला लक्षवातींचा संकल्प सोडायचा होता. एकटीनं लाख वाती वळून होणार नाहीत, म्हणून तिघींत वाटून घ्यायच्या ठरल्या. अट तिचीच, वाती सारख्या हव्यात. पुण्य कमीजास्त नको.

ब्लॉकखालच्या बाकावर कापूस घेऊन बसलो, भागाकार केला. प्रत्येकी तेहेतीस हजार तीनशे तेहेतीस, आणि उरली एक.

"ती मी वळते," ताई म्हणाल्या. ताई म्हणजे आमच्यातल्या पुण्याच्या.

"म्हणजे सगळ्यात जास्त तुमच्या होणार. वा!" इंजिनिअरची आई म्हणाली.

"अहो, एका वातीनं मी काय तुमच्या आधी वैकुंठाला पोचणार आहे?"

"मग द्या ती मला."

"तुम्हालाच का म्हणून?"

झालं! दोघींचं बोलणं बंद. संकल्प राहिला बाजूला, आणि मुलाची निघायची वेळ जवळ आलेली.

मी घरी कागद घेऊन बसले. म्हटलं, शंभराच्या पुड्या बांधू. हजार पुड्या झाल्या, वाटल्या, एक पुडी उरली. ती फोडली, तर एक वात उरली! असा संताप आला म्हणून सांगू. नात शेजारून बघत होती.

"आजी, कॅनॉट लाह! लाखाच्या आत फक्त टू आणि फाइव्ह आहेत. पाच टू, पाच फाइव्ह. गुणून बघ. थ्री आत नाहीच, तर जाणार कसा?"

गुणून बघितलं. मुकाट लाख आले. म्हणजे चाराला जातो, पाचाला जातो, आठालाही जातो, आणि तीन, सहा, सात, नऊ आले की तोंड फिरवतो! मग मीच दोघींना फोन केला. "अहो, खोट तुमच्यात नाही, त्या लाखात आहे. चौथी आणा, नाहीतर सोडा नाद."

चौथी म्हणजे जवळच्याच यिशुन भागातल्या वहिनी. जाड वाती वळतात म्हणून आम्हीच त्यांना टाळलं होतं. आता गुमान बोलावलं. प्रत्येकी पंचवीस हजार, काही उरणं नाही. मुलगा निघायच्या सकाळी त्याच्या घरी चौघी बसलो. संकल्पाचं पाणी सोडणार, तोच वहिनी म्हणाल्या, "माझी जाऊ आणि तिची बहीणही यायचं म्हणतायत. सहाजणी झालो की पटकन उरकेल."

"नको!" आम्ही तिघी एकदम ओरडलो. बॅग उचलणारा मुलगा दचकून मागे फिरला.

त्याच्या आईनं हात पुढे केला. "ताई, पळी द्या हो इकडे. आणखी कोणी यायच्या आत सोडते पाणी."