भूतदादांच्या गोष्टींत भूत नसायचं

भूतदादांच्या गोष्टींत भूत कधी आलं नाही. मी लोणखेड्याला कॉलेजात होते तेव्हा ते आमच्या ग्रंथालयात पुस्तकं द्यायचे-घ्यायचे, आणि त्यांच्या भयकथा मासिकांत छापून यायच्या. म्हणून हे नाव. एका कथेत ताप आलेल्या माणसाला बघायला पाच शेजारी येतात. चहा पितात, मायेनं विचारपूस करतात आणि उठतच नाहीत. एवढीच गोष्ट. ती वाचल्यावर होस्टेलच्या दारावर भरदुपारी कोणी टकटक केली तरी मी आधी कोण आहे ते विचारायचे, मगच कडी काढायचे.

"भुताला आपलं घर माहीत नसतं, बेटा," ते म्हणायचे. "माणसाला असतं."

त्यांची खुर्ची भिंतीला चिकटलेली. पाठीमागे कोणी उभं राहिलेलं त्यांना खपायचं नाही. आमचा शिपाई मुद्दाम कपाटाआडून येऊन अहिराणीत विचारायचा.

"दादा, मांगे भूत शे का?"

"भूतनी चिंता नही रे भाऊ, तू मांगे उभा शे तेनी शे."

सगळे हसायचे, दादाही हसायचे. पण शिपाई समोर येईपर्यंत पेन काही हातात घ्यायचे नाहीत.

कोणी फार गोड बोललं की ते बेचैन व्हायचे. एकदा प्राचार्यांनी खांद्यावर हात ठेवून तब्येत विचारली, तर दादा दिवसभर मला विचारत राहिले, "यांचं माझ्याकडे काय काम असेल गं?" काम काहीच नव्हतं.

एका संपादकांचं पत्र आलं होतं. तुम्ही सातपुड्यातले, एक डाकीण घाला, अंकात पहिली कथा तुमचीच. दादांनी पत्राची घडी केली आणि मला सांगितलं, "आठ वर्षांचा होतो मी. पाड्यात गुरं मेली, आणि माझ्या आईला डाकीण ठरवलं. मारायला आले ते सगळे आमच्याकडे जेवलेले. आई मला घेऊन पळाली ती थेट सपाटीवर येऊन थांबली. डाकीण मी बघितली नाही. ती माणसं बघितली. जे बघितलं ते लिहितो." संपादकांना त्यांनी नकार कळवला.

मी पावरा आदिवासी, सातपुड्यातलीच. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि डोंगराची बदनामी करायला मी हे लिहीत नाही. पण चूक माझीही झाली. शिकले म्हणून मला वाटायचं, हे सगळं दादांच्या लहानपणीचं, आता संपलं. शेवटच्या वर्षी सुट्टीहून परतले आणि त्यांना कथेला विषय द्यावा तसं सांगून बसले, "दादा, आमच्या पाड्यात पोरं तापलीत, एक गेलं. माझी धाकटी बहीणही अंथरुणात आहे. आणि लोक माझ्या विधवा काकीचं नाव घेतात. नुसती कुजबुज, दुसरं काय!"

दादांचा चेहरा उतरला. "काकीकडे मीठ-मिरची मागायला येतात का अजून?"

"नाही."

"अंगणात पोरं खेळतात?"

"आयांनी बोलावून घेतली."

"आणि तिच्याशी गोड कोण बोलतंय?"

"माझेच बाबा," मी म्हटलं. "रविवारी बडव्याकडे चल म्हणतात. नुसतं विचारायला."

बडवा म्हणजे आमच्याकडचा देवऋषी. डाकीण कोण, ते तो सांगतो; तो सांगेल ते नाव पक्कं. त्या दिवशी शुक्रवार होता.

शनिवारी सकाळी दादा माझ्याबरोबर धडगावच्या जीपमध्ये बसले. पळून आल्यापासून तो घाट ते चढले नव्हते. दोन्ही हातांनी दांडा धरलेला, दोनदा उतरून ओकले. धडगावात पोलीस ठाण्यात गेलो, दवाखान्यात गेलो. हवालदार आणि नर्सबाई आमच्याबरोबर निघाले.

पाड्यात पोचलो तेव्हा बाबा अंगणातच होते. मला शिकवायला ज्यांनी दोन बैल विकले तेच माझे बाबा, आणि मला त्यांची भीती वाटत होती. दादा पुढे झाले आणि पावरीत बोलले. त्यांच्या तोंडून पावरी मी पहिल्यांदा ऐकली.

"पोरीला दवाखान्यात ने. तोवर मी तुझ्या भावजयीपाशी बसतो."

"तू कोण?"

दादांनी आपल्या पाड्याचं नाव सांगितलं, मग आईचं. ओट्यावरच्या दोन म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. मग बाबा बहिणीला उचलून जीपकडे गेले. तिला मलेरिया निघाला. ती बरी झाली.

रविवार गेला, बडव्याकडे कोणी गेलं नाही. दादा चार दिवस काकीच्या ओट्यावर बसून होते. काकी मला म्हणाली, "कसला माणूस आणलास? कोंबडी फडफडली तरी उठून उभा राहतो! ह्यानं माझी राखण करायची?"

घाट उतरताना मी म्हटलं, "दादा, ही गोष्ट लिहा आता."

"संपली की लिहीन," ते म्हणाले.

अजून लिहिलेली नाही. निवृत्त होऊन ते खांडबाऱ्याला मुलीकडे राहायला गेले, मी नोकरीला लागले. काकी तिथेच आहे, स्वतःच्या घरात. पावसाळा लागला की दादांचा फोन येतो. काकीचं नाव ते कधीच काढत नाहीत. एवढंच विचारतात, "पाड्यात पोरं बरी आहेत ना?"

मी आधी घरी फोन करून माहिती घेतलेली असते. एकेका घराचं नाव घेऊन सांगते. सगळी घरं होईपर्यंत ते फोन ठेवत नाहीत.