बारा फुटी फ्लेक्स

आमच्या जिल्ह्यात फ्लेक्स लागल्याशिवाय कुठलंही चांगलं काम झालं असं कुणी मानत नाही. हे मला चांगलं माहीत होतं, तरी मी फसले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

बीडमधल्या एका दवाखान्याच्या धर्मादाय संस्थेत मी काम करायचे. उपचार फुकट असूनही माणूस दवाखान्यापर्यंत का पोचत नाही, ते शोधायचं आणि ती अडचण दूर करायची, एवढंच माझं काम. कुणाला गाडी पाठवायची, कुणाचे कागद करून द्यायचे, कुणाच्या म्हशीची धार काढायला शेजारीण गाठायची.

वडवणीजवळच्या वस्तीवर एक बाई होती. छातीत गाठ. नवरा सोडून तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, जावेलासुद्धा नाही, कारण थोरल्या मुलीची सोयरीक जुळत आली होती. मी पाच चकरा मारल्या तेव्हा कुठं ती ऑपरेशनला तयार झाली. वस्तीवर सांगितलं, पित्ताचे खडे काढायचेत. पुढं दर तीन आठवड्यांनी इंजेक्शनं होती. एरवी ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या हिशेबात एक कोयता. त्या वर्षी नवऱ्यानं पुतण्याला जोडीला घ्यायचं ठरवलं आणि ती मागं राहणार होती. हे सगळं मी जुळवून आणलं होतं, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

फाईलसाठी फोटो काढायचा नियम होता. तिनं पदर सावरला आणि विचारलं, "ताई, ह्यो फोटू कुटं जानार न्हाई नं?"

"फाईलीतच राहतो, वहिनी," मी म्हणाले. संस्थेच्या साहेबांनीच मला तसं सांगितलं होतं.

मग संस्थेला गाडी देणाऱ्या पुढाऱ्याचा वाढदिवस आला. बाजाराच्या दिवशी वडवणीला एसटीतून उतरले, तर समोर बारा फुटी फ्लेक्स. हात जोडलेले पुढारी, शेजारी आमचे साहेब आणि खालच्या कोपऱ्यात पदर सावरलेली ती. वर ठळक अक्षरांत 'कर्करोगावर मात'.

तिथूनच साहेबांना फोन लावला. "अहो, नाव कुठं टाकलंय?" ते म्हणाले. "चेहरा दिसल्याशिवाय लोकांना खरं वाटत नाही. उलट तिचा मानच वाढला." मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढा. "वाढदिवस तर होऊ द्या," म्हणाले. ह्या माणसाच्या शब्दावर मी तिला शब्द दिला होता.

सोयरीक मोडली. पाहुण्यांनी कारणही झाकून ठेवलं नाही. आज आईला हाय, उद्या पोरीला निघंल, असं तोंडावर बोलून गेले.

पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी गाडी रिकामी परत आली. दुसऱ्या सकाळी मी वस्तीवर गेले. दारात ट्रॅक्टर उभा, ट्रॉलीत भांडी, ताडपत्री, सरपण. ती कोयते फडक्यात गुंडाळत होती.

"वहिनी, इंजेक्शनं अर्धवट सोडली तर जिवावर बेतेल."

"ठावं हाय," ती म्हणाली. "पर हितं मी दारात आले की बाया बोलायच्या गप होत्यात. फडात मला कोन वळखतंय?"

मी रडले, माफी मागितली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं चहाचं विचारलं.

"कुठल्या कारखान्याला निघालात, तेवढं सांगा," मी म्हणाले. "तिथल्या जवळच्या दवाखान्यात मी सगळी सोय लावते. कुणाला कळणार नाही."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो ट्रॉलीचा दोर आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "मुकादमालाच ठावं, ताई. आमाला कोन सांगतंय?"

आमच्याकडं टोळी निघायच्या कितीतरी आधी, दसऱ्यापूर्वीच, घराघरात कारखान्याचं नाव माहीत असतं.